घाटावर बसवायचा कचऱ्याचा माणूस

पूर ओसरला की कृष्णाकाठच्या झाडांना पिशव्या लोंबकळत राहतात. २०१९ च्या पुरानंतर पाणी कुठवर चढलं होतं ते आम्हाला त्या पिशव्यांवरून दिसायचं. माझं सांगलीत फॅब्रिकेशनचं दुकान आहे, ग्रिल आणि गेट करतो. जर्मनीचे कलाकार एच. ए. शुल्ट यांनी १९९६ साली कचऱ्याची माणसं उभी केली. आपण एकच करू, आणि तो बसलेला. उभ्याला वारा लागतो.

आधी निवडणी. बाटल्या, पत्रा, पुठ्ठा भंगारवाल्याला द्या. तो ज्याला हात लावत नाही तेवढंच शिल्पात घ्या : गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाउच, वेफर्सची पाकिटं. बऱ्याच पाकिटांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत, म्हणून त्यांना गिऱ्हाईक नाही. सुया, काचा, पॅड दिसले तर वेगळे काढा. हातमोजे हवेतच. माल टबात धुवा, नदीत अजिबात नको, आणि खडखडीत वाळवा. ओला भरला तर कुजका वास सुटतो.

मापासाठी घरच्या कुणाला तरी पायरीवर बसवा. मी धाकट्या भावाला बसवलं होतं. कणा आणि पाय १० एमएमच्या सळईचे, बरगड्यांच्या रिंगा ६ एमएमच्या. मान जरा नदीकडे झुकवा, सगळा भाव तिथंच येतो. माल भरायला पाठीला बिजागरीचं दार ठेवा. वेल्डिंग आधी पुरतं संपवा. माल भरल्यावर एक टाकासुद्धा मारायचा नाही, प्लास्टिक पेटतं आणि धूर विषारी असतो. वरून कोंबडीची जाळी बाइंडिंग तारेनं आवळा, टोकं आत वळवा. पोरं हात लावणारच.

भरताना पाकिटांची छापील बाजू बाहेर ठेवा. रंग मारू नका. पोरगं जाळीला नाक लावून “हे तर मी खातो” म्हणतं, त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

महापालिकेची लेखी परवानगी घ्या. घाटाच्या दगडाला भोक पाडू नका, शिल्प हलू नये म्हणून त्याच्या बैठकीवर वाळूची पोती ठेवा.

जानेवारीत बसवा, मार्चअखेर उचला. जास्त दिवस उन्हात राहिलं तर प्लास्टिक कडक होऊन त्याचा चुरा नदीत जातो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट असली तरी पायऱ्या त्याच्या कितीतरी आधी बुडतात. उतरवलेला माल तोलून आकडा लिहून ठेवा आणि सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्या. सांगाडा गंजू नये म्हणून त्याला रेड ऑक्साइड मारून ठेवा, पुढच्या जानेवारीत तोच भरायचा.