एरंगळच्या किनाऱ्यावर जायचे, तर आधी तिथी पाहावी

रविवारी संध्याकाळी जुहू गाठणाऱ्याला मुंबईत निवांत किनारा उरला नाही असे वाटणे साहजिक आहे. मढच्या बाजूचा एरंगळचा लहानसा किनारा मात्र आडवारी सकाळी बराच मोकळा असतो. तिथे जाण्याचा बेत आखताना सुट्टीआधी तिथी पाहावी.

पहिले काम ओहोटीची वेळ काढण्याचे. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. पक्ष शुद्ध असो वा वद्य, मोजणी 1 ते 15 अशीच धरावी. चतुर्थीला भरती 3 च्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी 9 ला. अष्टमीला भरती 6 ला आणि ओहोटी थेट भर दुपारी. सकाळच्या फेरीला म्हणून तृतीया ते पंचमी सोयीची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्याने संध्याकाळी वाळू दूरवर उघडी पडते, पण काळोख होता होता पाणी उलटते आणि उधाणाचे पाणी भराभर चढते. हा हिशेब अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही अधिक, चुकतो. तेव्हा आदल्या दिवशी भरतीचे छापील वेळापत्रक पाहून खात्री करावी.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच धरावा.

मालाड पश्चिमेहून मढकडे जाणारी बेस्टची बस एरंगळवरून जाते. वर्सोव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून मढला उतरावे आणि तिथून बस किंवा रिक्षा करावी, हा दुसरा मार्ग. माझ्या मते तोच अधिक आनंदाचा. किनाऱ्यालगत 1575 सालचे सेंट बोनाव्हेंचर चर्च आहे. त्याची जत्रा जानेवारीत भरते आणि त्या दिवशी एकांताची अपेक्षा ठेवू नये. पाणी, खाणे आणि टोपी घरूनच न्यावी. वाळूवर मासळी सुकत घातलेली दिसली, तर तिच्यामधून वाट काढू नये आणि कोळी बांधवांच्या होड्यांना व जाळ्यांना हात लावू नये; तो त्यांचा कामाचा पसारा आहे.

पोहण्याचा मोह टाळावा. जवळच्याच अक्सा किनाऱ्यावर अनेक जण बुडाले आहेत, आणि वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली आत ओढणारा प्रवाह असू शकतो. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत खेकडे आणि शंखातले जीव पाहता येतात, मात्र शेवाळलेल्या खडकावर पाय घसरतो, म्हणून पकड असलेली पादत्राणे घालावीत आणि उलटवून पाहिलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवावा. जेलीफिश वाळूवर मरून पडलेला असला तरी त्याला हात लावू नये. दंश झालाच, तर ती जागा न चोळता समुद्राच्याच पाण्याने धुवावी, गोडे पाणी वापरू नये, आणि श्वास घेण्यास त्रास होऊ लागल्यास तत्काळ 112 वर फोन करावा.

पाणी परत चढू लागताच खडकांवरून उतरून किनाऱ्याकडे यावे.