थर्मोस्टॅट अर्ध्या तासाचा, बोल्ट दोन दिवसांचे

माझी गाडी तापायलाच तयार नव्हती. काटा वर चढायचा, मोकळ्या रस्त्याला लागलं की पुन्हा खाली. हीटरचा वारा कोमट. म्हणजे थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला. इंजिन तापेपर्यंत कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. बंद अडकला तर उलटं होतं, इंजिन उकळतं. तशी गाडी पुढे रेटू नका, हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मगच रेडिएटरचं झाकण उघडा. कूलंट स्वच्छ घमेल्यात काढा आणि लगेच झाका. ते गोड असतं नि विषारीही, कुत्री-मांजरं चाटतात.

आता बोल्ट. थर्मोस्टॅटवरच्या कव्हरचे दोनच होते, 10 नंबरच्या पान्याचे. ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट वर्षानुवर्षं बसला की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. पहिल्याला मी लांब दांड्याचा रॅचेट लावला. बोल्ट हलला, मी खूश. पण ते हलणं मऊ होतं, ओल्या दोरीला पीळ द्यावा तसं. सुटणारा बोल्ट 'कट्' करून सुटतो. मऊ फिरणारा आतल्या आत पिळवटत असतो. तिथेच थांबायचं. मी थांबले नाही, बोल्टाचं डोकं तुटून गोटीतच (रॅचेटच्या सॉकेटमध्ये) राहिलं.

दुसऱ्याला शहाणपणाने हात लावला. रात्री गंज सोडवणारं तेल, डोक्यावर हातोडीच्या सरळ, हलक्या टिचक्या. सकाळी पुन्हा तेच. गोटी सहा कोनांचीच घ्या, बारा कोनांची डोकं गोल करते. आधी किंचित आवळला, मग सोडला. पाव फेरा बाहेर, तेवढाच आत, परत तेल. हाऊसिंग (थर्मोस्टॅट बसतो तो भाग) धातूचं असेल तर तेल पुसून हॉट एअर गनने भोवतालचं ॲल्युमिनियम तापवता येतं. ते पोलादापेक्षा जास्त फुगतं.

कव्हर निघाल्यावर तुटलेल्या बोल्टाचं खुंट वर उरलं होतं. लॉकिंग पक्कड लावून, मागेपुढे करत काढलं. खुंट पृष्ठभागाला सपाट तुटलं असतं तर मी वर्कशॉप गाठलं असतं. ईझी-आउट (तुटका बोल्ट काढायचं हत्यार) आत तुटला की त्यावर साधं ड्रिल चालत नाही.

उरलेलं सोपं आहे. जुनी गास्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. नवा थर्मोस्टॅट आधी गरम पाण्यात टांगून बघा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या, समजा 82 अंशांच्या, आसपास तो उघडायला लागला पाहिजे. स्प्रिंगची बाजू बहुतेक गाड्यांत इंजिनकडे, हवेचं बारीक छिद्र वर. बोल्ट नवेच घ्या, आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) चोपडा आणि आलटून पालटून आवळा. एवढ्याशा बोल्टांना मनगटाचा जोर पुरतो.

कूलंट भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवूनच गाडी चालू करा. बुडबुडे निघतील, तोंड लांब ठेवा. वरचा होस एकदम गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर माझी पातळी बोटभर उतरली होती, तेवढी भरली.