बंधने सोडवणारी यंत्रणा मुळापासून कशी लिहावी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एखाद्या संगीतवर्गाचे संध्याकाळचे वेळापत्रक आखायचे आहे, असे धरू. बालवर्ग, तबला, ख्याल आणि सतार असे एकेका तासाचे चार वर्ग आहेत आणि ते ४, ५, ६ किंवा ७ वाजता सुरू होऊ शकतात. तबल्याचे गुरुजी नोकरी आटोपून ५ वाजता येतात, आणि बालवर्गाला व ख्यालाच्या वर्गाला साथही तेच करतात. बालवर्ग ६ च्या आत सुरू व्हायला हवा, तबल्याचा वर्ग ख्यालाच्या आधी हवा, आणि सतार शिकणारा एक विद्यार्थी ख्यालही शिकत असल्यामुळे ते दोन वर्ग एकाच वेळी नकोत. पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय ज्या शहरात उभे राहिले, तेथे साथीदाराच्या वेळेभोवती वर्ग बसवण्याचा हा पेच कोणालाही सहज समजेल. तो सोडवणारा प्रोग्रॅम असा लिहावा की अटी बदलल्या तरी फक्त अटींची, म्हणजेच बंधनांची, यादी बदलावी लागेल आणि सोडवणारा भाग जसाच्या तसा राहील.

हा विचार जुना आहे. १९७२ च्या सुमारास मार्सेय येथे आलँ कोल्मेरोए आणि फिलिप रूसेल यांनी प्रोलॉग ही तर्कावर आधारित प्रोग्रॅमिंग भाषा घडवली; तिच्यामागील तर्काची बैठक रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या कामातून आली. पुढे १९८७ मध्ये जाफर आणि लासे यांनी तर्काधारित प्रोग्रॅमिंगमध्ये बंधने कशी सामावून घ्यावीत याचा सर्वसाधारण आराखडा मांडला. आपण येथे त्यातील मर्यादित पूर्णांकांपुरता भाग बांधणार आहोत.

सुरुवात चलांपासून करावी. प्रत्येक वर्ग हा एक चल, म्हणजे ज्याचे मूल्य ठरवायचे आहे ती गोष्ट, आणि त्याला अजून शक्य असलेल्या वेळा हा त्याचा मूल्यसंच. संच लहान असेल तर तो ६४ बिटांच्या एका पूर्णांकात ठेवणे सर्वांत सोयीचे: ४ वाजण्यासाठी पहिला बिट, ५ साठी दुसरा, याप्रमाणे. मूल्य काढणे म्हणजे बिट पुसणे, आणि सर्व बिट शून्य झाले की या वाटेने उत्तर नाही हे लगेच कळते. हजारो मूल्यांचे संच असतील तर सलग पट्ट्यांची यादी ठेवावी लागते, पण पहिल्या आवृत्तीत त्या भानगडीत पडू नये.

प्रत्येक बंधनाला एकच काम द्यावे: आपल्या चलांचे संच पाहून जी मूल्ये कोणत्याच उत्तरात येऊ शकत नाहीत ती काढून टाकणे. ‘तबला ख्यालाच्या आधी’ हे बंधन ख्यालाच्या संचातून तबल्याच्या सर्वांत लवकरच्या वेळेइतकी किंवा त्याहून आधीची प्रत्येक वेळ काढते, आणि तबल्याच्या संचातून ख्यालाच्या सर्वांत उशिराच्या वेळेइतकी किंवा त्यानंतरची प्रत्येक वेळ काढते. ‘दोन वर्ग एकाच वेळी नकोत’ हे बंधन मात्र एका बाजूला एकच मूल्य उरेपर्यंत स्वस्थ बसते. बंधनाने कधीही मूल्य वाढवू नये. हा नियम पाळला तर छाटणी नक्की थांबते, कारण संच मर्यादित आहेत आणि घटतच जातात. शिवाय संच लहान दिला असता अधिक मूल्ये शिल्लक ठेवील असे कोणतेही बंधन नसेल, तर बंधने कोणत्याही क्रमाने चालवली तरी शेवटी तेच संच उरतात.

बंधने चालवण्यासाठी एक रांग लागते; सुरुवातीला सर्व बंधने तिच्यात असतात:

रांग रिकामी होईपर्यंत:
    बंधन = रांगेतील पहिले काढा
    बदललेले = बंधन.छाटा()
    एखादा संच रिकामा झाला तर: रांग पुसा, ‘अपयश’ कळवा
    बदललेल्या प्रत्येक चलाची बंधने रांगेत घाला
‘स्थिर’ कळवा

आपल्या उदाहरणात ही रांग काय करते ते कागदावर लिहून पाहावे. गुरुजी ५ ला येत असल्याने बालवर्गाकडे केवळ ५ उरतात, तबला आणि ख्याल यांच्याकडे ५, ६, ७ उरतात. आधी-नंतरच्या अटीमुळे तबल्याकडे ५, ६ आणि ख्यालाकडे ६, ७ राहतात. बालवर्ग ५ ला ठरलेला असल्याने तबला ६ वर येतो. तबल्याचा संच बदलल्यामुळे आधी-नंतरची अट पुन्हा जागी होते आणि ख्याल ७ वर जातो. मग सतारीतून ७ गळतात. एकही अंदाज न करता तीन वर्ग ठरले. तीच अट दुसऱ्यांदा जागी झाली नसती तर हे घडले नसते, म्हणून ‘कोणत्या चलावर कोणती बंधने अवलंबून आहेत’ ही नोंद चुकता कामा नये.

सतारीसाठी ४, ५, ६ यांपैकी काहीही चालते, आणि येथून शोध सुरू होतो. ज्या चलाचा संच सर्वांत लहान त्याला आधी हात घालावा. हॅरॅलिक आणि इलियट यांनी १९८० मध्ये अभ्यासलेले हे तत्त्व आजही पहिला पर्याय म्हणून उत्तम आहे. चल निवडल्यावर दोन फाटे करावेत: पहिल्यात ‘चल = मूल्य’, आणि तो फसला तर दुसऱ्यात ‘चल ≠ मूल्य’. दुसऱ्या फाट्यातही रांग पुन्हा चालवावी, कारण एक मूल्य गेल्याने अनेकदा बरेच काही ठरून जाते.

फसलेल्या फाट्यावरून मागे येणे हा संपूर्ण यंत्रणेतील सर्वांत नाजूक भाग आहे, आणि माझ्या मते वेळ खर्च करायचा तर तो येथेच करावा. प्रत्येक वेळी सर्व संचांची नक्कल काढून ठेवता येते. जीकोडसारख्या, बंधने सोडवणाऱ्या प्रतिष्ठित प्रणालीनेही नक्कल आणि पुनर्गणना यांचा मार्ग निवडला आहे. दुसरा मार्ग माग ठेवण्याचा: संच बदलण्यापूर्वी ‘कोणता चल, जुना संच कोणता’ ही जोडी एका स्टॅकवर (शेवटी ठेवलेले आधी निघते अशा चळतीवर) टाकावी, फाटा घेताना स्टॅकची उंची लिहून ठेवावी, आणि अपयश आले की त्या उंचीपर्यंत जोड्या काढत जुने संच परत बसवावेत. डेव्हिड वॉरेन यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रोलॉगच्या अमूर्त यंत्रातही असा माग आहे, पण तेथे चलाचा पत्ता पुरतो, कारण माघारीनंतर चल मोकळाच होतो. आपल्याकडे संच टप्प्याटप्प्याने घटतो, म्हणून जुने मूल्यही जपावे लागते. एकाच फाट्यात तोच चल दहा वेळा बदलला तर दहा नोंदी नकोत. प्रत्येक चलावर शेवटच्या नोंदीचा शिक्का ठेवून त्या टाळता येतात. दोन फाट्यांना एकच शिक्का मिळाला तर जुना संच हरवतो, म्हणून प्रत्येक फाट्याला नवा क्रमांक द्यावा. अपयशानंतर रांग पुसली नाही, तर आधीच्या फाट्यातील शिळी बंधने पुढच्या फाट्यात विनाकारण चालतात.

जोडीजोडीने लावलेल्या अटींची नजर आखूड असते. तीन वर्गांना एकच साथीदार हवा असेल आणि तिघांकडेही ५, ६ एवढेच असतील, तर प्रत्येक जोडीला सर्व ठीक वाटते, मात्र उत्तर अशक्य असते. यासाठी ‘सर्व भिन्न’ असे एकत्र बंधन लिहावे. ज्यां-शार्ल रेजँ यांनी १९९४ मध्ये द्विभाजित आलेखातील (एका बाजूला चल, दुसऱ्या बाजूला मूल्ये) जुळणीच्या आधारे त्याची पूर्ण छाटणी दाखवली. लहान प्रश्नांत मात्र चलांच्या गटाच्या सर्व संचांत मिळून असलेली वेगवेगळी मूल्ये गटातील चलांच्या संख्येपेक्षा कमी आहेत का, एवढी तपासणीही पुष्कळ उपयोगी पडते.

हे सर्व प्रोलॉगशी जोडायचे असेल तर चलाला गुणधर्म चिकटवण्याची सोय लागते: दोन चल एकरूप होताना, म्हणजे दोघांचे मूल्य एकच मानले जाताना, यंत्रणा त्यांच्या मूल्यसंचांचा छेद घेते आणि संबंधित बंधने जागी करते. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगचे पूर्णांक-बंधनांचे ग्रंथालय याच पायावर उभे आहे, आणि त्याचा स्रोत वाचायला खुला आहे.

चाचणीसाठी तीन-चार मूल्यांचे यादृच्छिक संच तयार करून सर्व संयोग सरळ मोजावेत. बंधनाने काढलेले एखादे मूल्य खऱ्या उत्तरात आढळले तर ते बंधन चुकीचे आहे. सर्व चल ठरल्यावर खोटा संयोग मान्य झाला तर ते अपुरे आहे. मागाच्या चाचणीत फाटा घेण्यापूर्वीचे सर्व संच टिपून ठेवावेत आणि माघारीनंतर ते बिटाबिटाने जुळतात का, हे प्रत्येक अपयशाच्या वेळी पाहावे.