आठवणीची भेट पहिल्याच पावसाळ्यात बुरसते? या चुका टाळा

आजीच्या साडीची गोधडी कुणाला भेट दिली की ती हमखास पेटीत जाते. वापरली तर खराब होईल म्हणून. कोकणात मात्र ती नेमकी पेटीतच खराब होते. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की कापड, कागद, लाकूड सगळं ती शोषून घेतं. बंद ट्रंकेत वारा नाही, ऊन नाही. बुरशीला आणखी काय हवं? म्हणून अशी भेट करतानाच ती रोजच्या हाताखाली राहील, धुता-वाळवता येईल, हे बघायचं. पुढच्या बहुतेक चुका हे न बघितल्यामुळे होतात.

कात्री लावण्याआधी

साडी एक आणि हक्कदार चार, हे घरोघरी असतं. मुंबईला असलेल्या आत्याला न विचारता लुगडं कापलं, तर ती गोधडी भेट राहत नाही, भांडणाचं कारण होते. आधी फोन करा. सगळ्यांनाच हवं असेल तर वाटणी करता येते. नऊवारीत सुमारे आठ मीटर कापड असतं. एकीला पदराची गोधडी, दुसरीला उशीचे अभ्रे, नातवंडांना दुपटी.

मग लुगडं उजेडासमोर धरा. जिथे विणीतून लख्ख उजेड दिसतो तिथे ते विरलंय. तो भाग वरच्या थराला घेऊ नका, आत घाला. काठ ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर तो काठ पांढऱ्या अस्तराला लागून नको. अस्तराचं नवं कापड न धुता लावलं, तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि गोधडीभर चुण्या पडतात. धुतल्याने त्यातली खळही जाते. खळ म्हणजे कसरीचं आणि बुरशीचं आयतं खाणं. दोराही सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुतापेक्षा चिवट, ताण पडला की तो टिकतो आणि कापड फाटतं.

उबेसाठी सहा-सात थर घालण्याची हौस घाटावर ठीक. किनाऱ्यावर थंडी ती किती! इथे तीन थर पुरतात. जाड गोधडी पावसाळ्यात वरून कोरडी लागली तरी आत दमट राहते, आणि कुबट वास येतो तो तिथूनच. चतुर्थीला द्यायची असेल तर मे महिन्यात, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामं चाललेली असतात तेव्हाच, कापड धुऊन, कडकडीत वाळवून शिवून टाका. श्रावणात शिवायला घेतली तर ती सुकवणार कुठे?

काळे ठिपके पडलेच, तर घरात झटकू नका, बुरशीची धूळ इतर कपड्यांवर बसते. अंगणात नेऊन, नाकाला फडकं बांधून, कोरड्या ब्रशने झाडा. मग धुवा आणि उलट्या बाजूने उन्हात टाका. तरी डाग राहिले तर राहू द्या. ब्लीचने डाग जातील, पण त्यांच्याबरोबर विरलेलं सूतही जाईल.

बाळंतविड्यात जास्त काळजी

दुपटी, झबली, टोपडी, कुंची जुन्या सुती साडीची केली तर नव्या कापडापेक्षा मऊ होतात. चूक होते ती सजवताना. जरीचा काठ बाळाला टोचतो, कुंचीचे मणी आणि घुंगरू सुटून तोंडात जातात, गळ्याशी लांब नाड्या तर नकोतच. आणि हे कपडे ठेवताना डांबरगोळ्या अजिबात घालू नका. नॅफ्थलीनच्या वाफेने काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ वाढते. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना हा धोका सगळ्यात जास्त, आणि ती कमतरता बाहेरून ओळखू येत नाही. कपडे धुऊन उन्हात वाळवलेले असले की पुरे.

कागद, फोटो, वही

आजीच्या हातची मसाल्याची कृती लॅमिनेट करून देण्याची सध्या फॅशन आहे. मूळ कागद लॅमिनेट करू नका. आतली ओल आतच राहते, आणि पुढे प्लास्टिक काढायला जावं तर कागदही फाटतो. रंगीत झेरॉक्स काढा, ती लॅमिनेट करून स्वयंपाकघरासाठी द्या. मूळ कागद साध्या कागदी पाकिटात राहू दे. फाटक्या घडीला चिकटपट्टी लावू नका; काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि चिकटा कागदात उतरतो. स्वतः वहीत उतरवून देत असाल तर जेल पेन नको. ओला हात लागला की अक्षर पसरतं; बॉलपेन किंवा पेन्सिल बरी.

कृतीत ‘मिरच्या अंदाजाने, धणे वाटीभर’ असं लिहून देऊ नका. तिचा अंदाज तिच्या हातात आहे, तुमच्या नाही. मसाला करायला बसेल तेव्हा शेजारी वजनकाटा ठेवा आणि ती घालेल ते आधी मोजा. तिची वाटीही पाण्याने भरून किती मिलिलिटरची ते लिहा.

जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा. नवी फ्रेम देताना काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याची चौकट घालून घ्या. पावसाचा मार खाणाऱ्या भिंतीवर फ्रेम टांगूच नये. टांगायचीच तर मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे वारा खेळतो.

थोडक्यात आणखी दोन

घरात सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, असेल तर त्यातली चार सुंदर पानं काढून फ्रेम करू नका. दशावतारी संचात १२० पानं असतात; चार गेली की खेळ संपला.

मुलांनी किनाऱ्यावर गोळा केलेल्या शिंपल्यांची माळ छान होते, पण आत जीव असलेला शंख उचलू देऊ नका. जीवाचं पाप एकीकडे आणि घरभर घाण दुसरीकडे. प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, ते भेटीत नकोत.

भेटीसोबतची चिठ्ठी तर पहिल्या आवराआवरीतच हरवते. त्यापेक्षा गोधडीच्या कोपऱ्यात कापडी पट्टी शिवा आणि तिच्यावर दोऱ्यानेच लिहा: साडी कुणाची, शिवली कुणी, कोणत्या साली. खाली आणखी एक ओळ घाला, ‘दर पावसाळ्यानंतर ऊन दाखवा’. ती वाचून तरी पेटी उघडली जाईल.