गोदामाची बचत छतापासून सुरू करा

भिवंडी किंवा चाकणकडे पत्र्याचं गोदाम असेल, तर सोलरच्या आधी छताकडे बघा. काही पत्र्यांच्या जागी पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक शीट बसवल्या, की दिवसा बरेच दिवे बंद ठेवता येतात. शीटखाली लोखंडी जाळी मात्र हवीच. छतावर चढलेला माणूस शीट फुटून खाली पडू शकतो, इथे पैसे वाचवू नका. थेट उन्हाने खराब होणारा मालही त्याखाली रचू नये.

जुने २५० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे काढून त्याच उजेडाचे साधारण १०० वॅटचे एलईडी लावा. ४० दिवे रोज १० तास चालत असतील, तर दिवसाला ६० युनिट वाचतात.

उन्हाळ्याआधी पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग द्या, वाऱ्यावर फिरून आतली गरम हवा बाहेर काढणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवा. त्यांना वीज लागत नाही. मे महिन्यात आत माल उचलणाऱ्या हमालांना यातून मिळणारा दिलासा मला वीजबिलापेक्षा मोठा वाटतो.

माल ठरलेल्या दुकानांतच जात असेल, तर खोक्यांऐवजी प्लास्टिक क्रेट वापरा. रिकामी परतणारी गाडीच ते घेऊन येईल.