लिहायला शिकवताना या चुका टाळा : गोव्यातल्या प्राथमिक वर्गांसाठी

चवथीची सुट्टी संपवून मुले वर्गात येतात तेव्हा त्यांना किती सांगू नि किती नको असे झालेले असते. कोणाच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला, केवढा चिबूड बांधला होता, कोणाच्या घरी आरतीच्या गडबडीत समई कलंडली, कोणाचा मामा मुंबईहून आला. मग टीचर म्हणतात, "चला, वह्या काढा. माझा आवडता सण, 10 ओळी." वर्ग चिडीचूप होतो. थोड्या वेळाने वह्या गोळा केल्या तर सगळीकडे पहिले वाक्य एकच: "गणेशचतुर्थी हा माझा आवडता सण आहे."

आताच इतके बोलणारी मुले कागदावर मुकी का होतात? "मुलांना लिहायचा कंटाळा आहे" हे उत्तर मला पटत नाही. लेखनाच्या तासाला आपणच काही गोष्टी अशा करतो की मुलाचे बोलणे पेन्सिलीपर्यंत पोचतच नाही.

फळ्यावरचा निबंध उतरवून देणे

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात घट्ट बसलेली सवय. गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय असतात, ती दूध देते. मुले हे सुवाच्य अक्षरात उतरवतात, परीक्षेत तसेच्या तसे लिहितात, गुणही मिळतात. पण हे अनुलेखन झाले. अनुलेखनाने अक्षर वळणदार होते, जोडाक्षरे डोळ्यांखालून जातात, तेवढ्यासाठी ते जरूर करून घ्यावे. विचार शब्दांत मांडायची सवय त्यातून लागत नाही. 5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या, लहान मुलांच्या वाचन-लेखन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानातही तिसरीच्या मुलाने छोटा निरोप, छोटी गोष्ट स्वतः लिहावी असे लक्ष्य ठेवले आहे. उतरवून काढलेल्या निबंधाने ते गाठता येणार नाही.

यावरचा सोपा उपाय म्हणजे विषय बारीक करणे. "पाऊस" या विषयावर मूल काय लिहिणार? त्याऐवजी "पहिल्या पावसात आमच्या घरात पाणी कुठून आले" असे विचारा. "माझे गाव" नको, "आमच्या वाड्यावर सगळ्यात आधी कोण उठते" हे चालेल. "उन्हाळा" सोडा आणि काजूची बोंडे गोळा करताना काय झाले ते लिहू द्या. विषय असा हवा की ज्याचे उत्तर गाइडमध्ये सापडणार नाही आणि शेजारच्या मुलाचे उत्तर आपल्यासारखे असणार नाही.

पहिली-दुसरीला निबंध मुळीच नको. त्यांना यादी द्या. मे महिन्यात घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी चालते. सुकी मिरची, सोलां (आमसुले), चिंच, कांदे, सुके बांगडे. घरात काय काय भरून ठेवले ते बघून या आणि लिहा, एवढेच सांगितले तर पहिलीतले मूलही चार शब्द लिहून आणते. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवसांत हे सहज होते. यादी हे खरे लेखन आहे, घरात मोठी माणसे ते करताना मुलाने पाहिलेले असते.

बोलू न देता लिहायला बसवणे

ही चूक लहान वाटते, पण लेखनाचा तास बहुतेक वेळा इथेच फसतो. 35 मिनिटांच्या तासातली निदान 10-15 मिनिटे बोलण्यासाठी ठेवावीत आणि ती वाया गेली असे मानू नये.

एक उदाहरण घेऊ. गोव्यात दिवाळीला नरकासुराचा पुतळा करून पहाटे जाळतात. सुट्टीनंतर तिसरीतला एक मुलगा लिहितो: "आम्ही नरकासूर केला. मी पेपर लावले. दादाने पेटवला. मजा आली." चार वाक्ये, आणि वही मिटली. "अजून लिही" असे म्हटले तर तो पाचवे वाक्य लिहील, "खूप मजा आली." त्याऐवजी टीचरने शेजारी बसून विचारावे, "पेपर कशाने चिकटवले रे?" तो सांगतो, मैद्याची खळ केली होती. "खळ कोणी केली?" आईने, आणि ती करपली म्हणून परत करावी लागली. "मग?" मग रात्री पाऊस आला, सगळ्यांनी नरकासुरावर ताडपत्री धरली, पण एक हात भिजून गळून पडला. "मग जाळला कसा?" एका हाताचाच जाळला, पहाटे!

आता त्याला इतकेच म्हणायचे, "अरे, हे तर वहीत नाहीच. हाताचे तेवढे लिहून टाक." बघा, तो उभ्याउभ्याच लिहू लागतो. "मजा आली" हे वाक्य खोडायला सांगावेही लागत नाही, कारण एका हाताचा नरकासूर वाचणाऱ्याला मजा आलेली कळतेच.

वर्गात 25 मुले असतील तर प्रत्येकाजवळ बसणे एका तासात जमणार नाही. मुलांना जोड्यांत बसवावे. एकाने सांगायचे, दुसऱ्याने तीन प्रश्न विचारायचे: कोण होते, मग काय झाले, ते कसे दिसत होते. सुरुवातीचे दोन-तीन तास गोंधळ होतो. शेजारच्या वर्गाचे शिक्षक डोकावून जातात. होऊ द्यावा. हा गोंधळ कामाचा आहे.

गोव्यात एकशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत, चारही इयत्ता एकाच खोलीत. लेखनाच्या तासाला ही अडचण उलट उपयोगी पडते. गोष्ट सगळ्यांनी मिळून ऐकायची. मग पहिलीने चित्र काढून नावे लिहायची, दुसरीने चित्राखाली दोन वाक्ये, तिसरी-चौथीने पूर्ण गोष्ट. चौथीतली मुलगी पहिलीतल्या भावाची गोष्ट ऐकून उतरवून घेते तेव्हा दोघेही शिकतात, आणि तिला तर विरामचिन्हांची गरज पहिल्यांदाच कळते.

घरच्या कोंकणीवर लाल पेन

आपल्या मराठी शाळांतल्या बहुतेक मुलांच्या घरी कोंकणी बोलतात. काहींच्या घरी कन्नड किंवा हिंदी. मूल लिहिते, "आयज मी आणि आजी बाजारात गेलो. आजीने नुस्ते घेतले. मग माका भूक लागली." "आयज", "नुस्ते" (मासळी) आणि "माका" यांवर तीन लाल गोल पडतात. पुढच्या वेळी तेच मूल लिहिते, "आज मी बाजारात गेलो. मला आनंद झाला." एकही चूक नाही. आजी गेली, नुस्ते गेले, भूकही गेली. मला ही वही पहिल्या वहीपेक्षा जास्त काळजीची वाटते.

तिन्ही शब्दांना एकच न्याय लावू नये. "माका"चे "मला" व्हायला हवे, तो व्याकरणाचा भाग आहे, आणि ते मूल आठ-पंधरा दिवसांत उचलते. "आयज"चे "आज" मूल दुसऱ्यांदा वाचताना स्वतःच करते, फक्त "हा शब्द वहीत कसा लिहितो आपण?" असे विचारावे. "नुस्ते" तसेच राहू द्यावे. गोव्यातली मराठी माणसे बाजारातून नुस्तेच आणतात.

याहून चांगली वाट म्हणजे संवाद. आजी जे बोलली ते अवतरणचिन्हांत, तिच्याच बोलीत: आजी म्हणाली, "बाबू, जेवंक यो." गोष्ट मराठीत, आजीचे बोलणे कोंकणीत. मूल खूश होते, अवतरणचिन्ह कशासाठी असते हेही त्याला कळते, आणि घरची भाषा म्हणजे चूक असा समज त्याच्या मनात रुजत नाही. भिंतीवर दोन रकान्यांचा एक तक्ता लावावा, घरचा शब्द आणि वहीतला शब्द, आणि मुलांनीच तो भरत जावा. कन्नड बोलणाऱ्या मुलासाठी तिसरा रकाना आखायला विसरू नये.

सगळ्या चुका एकाच वेळी दुरुस्त करणे

वेलांट्या, उकार, रफार, पूर्णविराम, सगळे एका वहीत लाल केले की मूल त्यातले काहीच बघत नाही. एका आठवड्याला एकच गोष्ट धरावी. उदाहरणार्थ, मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ: पाणी, आजी, वाळू, लाडू. "आणि"सारखे थोडे अपवाद वेगळे सांगावेत. हा आठवडाभराचा धडा झाला. पुढच्या आठवड्यात मूल-मुलाला, फूल-फुलाचा, दूध-दुधाची. उदाहरणे मुलांच्याच वह्यांतून उचलावीत, कोणाची वही ते न सांगता. बाकीच्या चुका त्या आठवड्यात दिसल्या तरी सोडून द्याव्यात. हे शिक्षकाला जड जाते, पण करावे.

आणि दुरुस्तीची वेळ शेवटी. आधी काय सांगायचे ते पूर्ण लिहून होऊ द्या, मग चुका. लिहिता लिहिताच "वेलांटी बघ" म्हटले की पुढचे वाक्य मूल विसरते.

वाचणारा कोणीच नसणे

मुलाने लिहिलेले फक्त टीचर वाचणार, आणि तेही चुका शोधायला, तर त्याने जीव ओतून का लिहावे? फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी 1924 साली आपल्या खेड्यातल्या वर्गात छोटा छापखाना आणला. मुलांनी मनाने लिहिलेले मजकूर मुलांनीच खिळे जुळवून छापले आणि पुढे ते दूरच्या शाळांतल्या मुलांना पाठवले. आपल्याला छापखानाही नको. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणच्या वर्गाने उत्तर टोकाच्या पेडण्याच्या वर्गाला पोस्टकार्डे पाठवावीत. तुमच्याकडे समुद्र आहे का, शाळेत कोण स्वयंपाक करते, माकडे येतात का? उत्तर येईपर्यंत मुले पोस्टमनची वाट बघतात, आणि आलेले पत्र शब्द अडला तरी चिकाटीने वाचतात.

दुसरा वाचक, खरे तर प्रेक्षक, गावातच आहे. गोव्यात जत्रेला मराठी नाटक होते. मुले रात्री जागून ते बघतात, दुसऱ्या दिवशी अंगणात करून दाखवतात. तिसरी-चौथीच्या मुलांना पाच मिनिटांचा प्रवेश लिहू द्या: बाजारात नुस्तेकार्न (मासळीवाली) आणि गिऱ्हाईक, किंवा बस चुकलेली दोन मुले. संवाद तोंडाने म्हणून बघताना वाक्य कुठे अडते ते त्यांना आपोआप ऐकू येते आणि ती परत लिहितात. "परत लिहा" म्हटल्यावर कुरकुरणारी हीच मुले असतात.

काही नेहमीच्या अडचणी

मूल सांगते छान, लिहीत मात्र नाही: बहुधा हात मागे पडतो. त्याने सांगितलेले पहिले वाक्य तुम्ही लिहून द्या, दुसरे त्याने लिहावे. पहिलीत बोटेच थकत असतील तर मातीकाम आणि फुले ओवणे चालू ठेवा, अबोलीचा वळेसर (गजरा) करताना बोटांना चांगली कसरत होते.

सगळी गोष्ट "आणि मग, आणि मग" अशी: मोठ्याने वाचायला लावा आणि जिथे श्वास घेतो तिथे पेन्सिलीने टिंब करू द्या. त्यातली अर्धी टिंबे पूर्णविराम होतात.

खोडरबराने कागद फाटतो: लेखनाच्या तासाला खोडरबर पेटीत. चुकले तर एक आडवी रेघ.

गृहपाठात आईचे अक्षर किंवा आईची वाक्ये: मोठे लेखन घरी देऊच नका, वर्गातच करून घ्या. घरी फक्त विचारून यायचे काम द्या, आजोबांच्या शाळेत जायचा रस्ता कसा होता, असे काहीतरी.

पालक वही घेऊन येतात, "टीचर, एवढ्या चुका आणि तुम्ही खूण केली नाही?" ही तक्रार येणारच आणि ती काळजीपोटी असते. जूनच्या पहिल्या पालकसभेतच एका मुलाच्या आधीच्या वर्षाच्या दोन वह्या, नाव झाकून, शेजारी शेजारी ठेवून दाखवाव्यात, जुलैची आणि मार्चची. लेखनाची वही वेगळी ठेवून तिच्या पहिल्या पानावर लिहावे: या वहीत या महिन्यात आपण पूर्णविराम बघत आहोत. महिना बदलला की ओळ बदलायची. पालकांनाही मग घरी काय बघायचे ते कळते.