आधी अनुमोदकाची पावती, मग उमेदवारी अर्ज

तीन वर्षांपूर्वी माझ्या विषयाच्या एका अखिल भारतीय विज्ञान संस्थेच्या कार्यकारिणीसाठी मी अर्ज भरला आणि तो छाननीतच बाद झाला. माझी वर्गणी भरलेली होती, सभासदत्वाची वर्षं पुरी होती, सह्या जागच्या जागी होत्या. अर्ज गेला तो अनुमोदकाच्या वर्गणीपायी. यंदा पुन्हा निवडणूक लागली आहे आणि वेगवेगळ्या महाविद्यालयांतले तीन-चार तरुण सहकारी उभं राहायचं म्हणताहेत, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. ‘मॅडम, काय काय तयारी लागते?’ असा फोन प्रत्येकाचा येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

सुरुवात संस्थेच्या घटनेपासून करा. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पानांवर विसंबू नका; मधल्या काळात घटनादुरुस्ती झालेली असू शकते. सचिवांना रीतसर पत्र लिहून दुरुस्त्यांसह प्रत मागा. महाराष्ट्रात कार्यालय असलेल्या अशा बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेल्या असतात. त्यामुळे सचिवांकडून उत्तर आलंच नाही, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात नकलेसाठी अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, तेव्हा निवडणूक जाहीर व्हायची वाट बघत बसू नका. घटनेत चार गोष्टी पेन्सिलीने अधोरेखित करा: मतदार यादी कोणत्या तारखेची धरणार, उमेदवाराला किती वर्षांचं सभासदत्व लागतं, एका पदावर सलग किती मुदती राहता येतं आणि सूचक-अनुमोदकाबद्दल नेमके शब्द काय आहेत. चौथी गोष्ट दोनदा वाचा. तिथे नुसतं ‘सभासद’ लिहिलंय की ‘मतदानास पात्र सभासद’? माझा अर्ज याच दोन जादा शब्दांवर बाद झाला.

स्वतःची वर्गणी भरा. ते सगळेच भरतात, त्यावर अधिक लिहीत नाही.

आता अनुमोदक. माझे अनुमोदक कोल्हापूरचे एक ज्येष्ठ सर होते. संस्थेत त्यांचं नाव मोठं, पंचवीस-तीस वर्षांचा संबंध. त्यांना ‘सर, तुमची वर्गणी भरलेली आहे ना?’ असं विचारणं मला उद्धटपणाचं वाटलं, म्हणून विचारलंच नाही. छाननीच्या दिवशी निवडणूक अधिकारी बाईंनी माझा अर्ज वाचला, मान डोलावली आणि कपाटातून वर्गणीची नोंदवही काढली. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. बोट वरून खाली सरकत गेलं आणि सरांच्या नावावर थांबलं. समोरच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दहा वर्षे’, आणि त्यापुढे एक तारीख. ती तारीख उलटून चौदा महिने झाले होते. सरांनी कधीकाळी दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरली होती आणि ते स्वतःला आजीव सभासद समजत होते. त्यात लबाडी नव्हती. पत्रिकेचे अंक घरी येत राहिले होते, संमेलनांची निमंत्रणं येत होती, मग शंका तरी कशी यावी?

मी तिथूनच सरांना फोन लावला. ते फार अस्वस्थ झाले. ‘अगं, मी आत्ता भरतो, नंबर सांग,’ म्हणाले, आणि पाच मिनिटांत त्यांनी पैसे पाठवलेही. उपयोग झाला नाही. मतदार यादी ३१ मार्चची धरली होती आणि आम्ही जुलैमध्ये बसलो होतो. बाईंनी घटनेतलं कलम मला वाचून दाखवलं आणि अर्जावर ‘अवैध’ असा शेरा मारून सही केली. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मला आजही लागतं ते हे, की एक प्रश्न मी संकोचापायी विचारला नाही आणि एका वयोवृद्ध शिक्षकाला, ज्यांच्याकडून मी वनस्पती ओळखायला शिकले, ‘माझ्यामुळे तुझं नुकसान झालं’ असं म्हणायची वेळ आणली.

म्हणून सांगते: सूचकाची पावती बघा, अनुमोदकाची पावती बघा. ‘भरलेली आहे’ या तोंडी उत्तरावर थांबू नका. पावतीचा फोटो मागवा, त्यावर कालावधी वाचा, पावती क्रमांक लिहून घ्या आणि मग संस्थेच्या कार्यालयात फोन करून तोच क्रमांक त्यांच्या वहीत आहे का ते विचारा. पावती हातात असूनही वहीत नोंद करायची राहून गेली असं होऊ शकतं. आजीव सभासद असतील तर आजीव क्रमांक मागा. सर कितीही मोठे असोत, मागा. संकोच वाटत असेल तर सरळ सांगा की छाननीत विचारतात. त्यात खोटं काहीच नाही.

हा नियम एका संस्थेचा हट्ट आहे, असं समजू नका. १८६० च्या कायद्याच्या १५ व्या कलमातच म्हटलं आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि त्या कायद्याखालच्या कामकाजात सभासद म्हणून धरलंही जात नाही. तीन महिने फक्त! आपल्यातल्या कितीजणांची वर्गणी मार्चला संपते आणि दिवाळीत आठवते, याचा विचार करा.

वर्गणीला एवढं महत्त्व का, असा प्रश्न एका सहकाऱ्याने चिडून विचारला होता. या संस्था उभ्याच वर्गणीवर राहिल्या, हे त्याचं उत्तर. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांनी गणितप्रेमींना पत्रं लिहून ॲनॅलिटिक क्लब काढला, त्याचीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. एकेकट्या शिक्षकाला परवडणार नाहीत ती परदेशी नियतकालिकं आणि पुस्तकं मिळून घ्यायची, ही त्यामागची गरज होती, आणि त्यांचं ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात होतं. रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये छापला तो याच संस्थेच्या नियतकालिकात. गावोगावच्या माणसांनी वेळच्या वेळी पाठवलेल्या पैशांवर असं काम चालतं. तेव्हा थकबाकीदाराची सही चालत नाही याचा राग धरण्यापेक्षा पावती आधी बघावी.

आणि सूचक-अनुमोदक दोनच ठेवू नका. घटना परवानगी देत असेल तर तिसरी-चौथी सही घ्या किंवा वेगळ्या जोडीचा दुसरा अर्ज भरा. एक वैध ठरला की काम झालं. आणखी एक बघायचं: एका सभासदाने जागांपेक्षा जास्त उमेदवारांना सही दिली तर ती सही बाद, असा नियम अनेक ठिकाणी असतो. तुमच्या अनुमोदकाने भिडेखातर आणखी कुणाला सही दिली आहे का, हे पावती मागतानाच विचारून टाका.

नोकरीच्या ठिकाणची परवानगी. शिक्षक मंडळी हे हमखास विसरतात आणि प्रयोगशाळांतले शास्त्रज्ञ तर ‘वैज्ञानिक संस्था आहे, राजकारण थोडंच आहे’ म्हणून सोडून देतात. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ मधला १५ वा नियम वाचा. साहित्यिक, वैज्ञानिक किंवा धर्मादाय संस्थेच्या कामात भाग घ्यायला तो मुभा देतो, पण निवडून येण्याचं पद त्या मुभेत बसत नाही. त्यासाठी पूर्वपरवानगी लागते. इतकंच नाही, अशा पदाच्या उमेदवाराचा प्रचार करायलाही लागते. म्हणजे तुमच्यासाठी फोन फिरवणाऱ्या मित्रालाही हे सांगायला हवं. हे नियम लागू असलेल्या संस्थेत असाल तर अर्ज भरण्याच्या निदान दोन महिने आधी पत्र द्या आणि आवक क्रमांक टाकून घ्या. राज्य सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयात असाल तर आस्थापना शाखेत लेखी विचारा. प्राचार्यांचं ‘हो हो, जा की’ हे फाइलला लागत नाही.

अर्जात नाव मतदार यादीत आहे तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी. यादीत माहेरचं आडनाव असेल आणि अर्जात सासरचं, तर छाननीत आक्षेप येतो. आधीच दुरुस्तीचा अर्ज द्या. अर्ज शेवटच्या दिवशी कुरिअरने पाठवू नका. हाती नेऊन द्या, पोच घ्या.

बहुतेक संस्था उमेदवाराचा परिचय आणि निवेदन मतपत्रिकेबरोबर पाठवतात. दीडशे-दोनशे शब्द मिळतात आणि आपण ते शोधनिबंधांची संख्या, पुरस्कार, किती विद्यार्थ्यांनी पीएच.डी. केली, यात घालवतो. सभासदांना ते नको असतं. मतदार तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणारा असतो, निवेदन वाचताना ‘ही बाई निवडून आली तर माझ्यासाठी काय करेल?’ एवढंच तो बघतो. माझ्या मागच्या निवेदनात ‘विषयाच्या सर्वांगीण विकासासाठी प्रयत्नशील राहीन’ असं वाक्य होतं. यंदा ते काढलं. त्याऐवजी लिहिलं आहे की महाविद्यालयांतले जुने वनस्पतिसंग्रह वाचवण्यासाठी दर वर्षी दोन जिल्ह्यांत तीन दिवसांची कार्यशाळा घ्यावी, असा ठराव मी पहिल्याच बैठकीत मांडीन. कारण ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका महाविद्यालयात लोखंडी कपाट उघडलं तर १९६० च्या दशकातले नमुने, कागदावर पेनाने लिहिलेली गावाची नावं, शाई अजून ठळक, आणि वनस्पतीच्या जागी नुसता तपकिरी भुगा. किडीने पान न् पान खाल्लं होतं. असे नमुने जपायला पैशापेक्षा माहितगार माणूस लागतो, आणि तो संस्था पाठवू शकते. तुमच्या विषयात असं जे काही असेल ते लिहा. एकच लिहा, पण बैठकीत ठराव म्हणून मांडता येईल इतकं नेमकं लिहा.

प्रचाराला फोन सगळ्यात चांगला. विभागाचं लेटरहेड वापरू नका, महाविद्यालयाच्या ईमेलवरून घाऊक पत्रं पाठवू नका. दोन्हींबद्दल तक्रार होते आणि ती रास्त असते. मतदार यादीतले नंबर भलत्या ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या उमेदवाराबद्दल वाईट बोलू नका, पुढची तीन वर्षं त्यांच्याच शेजारी बसायचं असतं.

टपाली मतदान असेल तर मतदारांना दोन लिफाफ्यांचं नीट समजावून सांगा. आतल्या लिफाफ्यात फक्त मतपत्रिका, त्यावर नाव नाही, सही नाही. बाहेरच्या लिफाफ्यावर सभासद क्रमांक आणि सही. सवयीने मतपत्रिकेवरच सही ठोकणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत आणि ते मत फुकट जातं. ऑनलाइन मतदान असेल तर निवृत्त झालेल्यांना आधी फोन करा; त्यांचा नोंदलेला ईमेल महाविद्यालयाचा असतो आणि तो केव्हाच बंद झालेला असतो. पत्ता आणि ईमेल बदलायची मुदतही मतदार यादीच्या तारखेबरोबरच संपते. आणि त्याच फोनवर प्रत्येकाला वर्गणीचंही विचारा. तुम्हाला मत द्यायला उत्सुक असलेले निम्मे लोक थकबाकीत निघतील. अनुमोदकाचं तर विचारलंच असेल. विचारलं ना? पावती बघितली ना? त्यावरचा कालावधी वाचला ना?

माघारीची तारीख लिहून ठेवा. मतमोजणीला प्रतिनिधी पाठवायचा असेल तर त्याचं अधिकारपत्र आदल्या दिवशी द्या. बाद मतं का बाद झाली तेवढं बघायला सांगा, बाकी वाद नको.

निवडून आलात तर संमतिपत्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सचिवांना लगेच द्या. विश्वस्त मंडळातल्या बदलाचा अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत जायला हवा आणि एका सभासदाच्या कागदासाठी सगळ्यांचा अर्ज अडतो. बँकेतल्या सह्यांचं सचिव बघतील. नाही आलात तर सूचक-अनुमोदकांना फोन करून आभार माना.

माझा यंदाचा अर्ज मागच्या मंगळवारी दिला. कोल्हापूरच्या सरांनीच पुन्हा सही केली. गेल्या वर्षी ते आजीव सभासद झाले आणि न मागता त्यांनी पावतीची छायांकित प्रत टपालाने पाठवली. ती अर्जाला टाचली आहे. बाकी तिघांच्या पावत्यांचे क्रमांक कार्यालयात जाऊन हिरव्या वहीशी ताडून आले. छाननी येत्या शनिवारी आहे.